अनेक तारा, एक मार्ग
(महोत्सवी समारंभातील व्याख्यान)



विज्ञानातील एखादा विषय सोपा करून सांगावा, अशी विश्वस्तांची आज्ञा झाली. मी पेशाने शिक्षक. फळा-खडूवाचून बोलणे अवघड जाते, तरी प्रयत्न करतो. टेलिफोनच्या अनेक तांब्याच्या तारा एकत्र करून त्यांतून इंटरनेटचा एकच मोठा मार्ग कसा तयार करावयाचा, आणि त्यासाठी यंत्रे बनविणाऱ्यांनी आपसांत कोणते नियम ठरविले, हा आजचा विषय.

प्रथम अडचण पाहू. टेलिफोनसाठी घरापर्यंत दोन तारांची एक पिळलेली जोडी नेलेली असते. बोलण्याच्या ध्वनीहून पुष्कळ वरच्या कंपनसंख्या वापरून तीवरून माहिती पाठवावयाची, हेच डीएसएल. परंतु या वरच्या कंपनसंख्या लांब तारेत लवकर क्षीण होतात. २००३ साली मान्य झालेल्या एडीएसएल२+ पद्धतीत एक्सचेंजजवळच्या घरास दर सेकंदास सुमारे २४ मेगाबिटपर्यंत वेग मिळू शकतो; चार-पाच किलोमीटरांवरच्या घरास त्याचा लहानसा अंशच उरतो. म्हणजे तार तीच, यंत्र तेच, पण गावाच्या टोकाशी राहणारा विद्यार्थी मागे पडतो. हा त्याच्या बुद्धीचा दोष नव्हे, अंतराचा आहे.

यावर उपाय असा की, एक जोडी पुरत नसेल तर दोन, चार किंवा अधिक जोड्या मिळून काम करावे. कल्पना सोपी, व्यवहार कठीण. समजा, एक जाड ग्रंथ नकलून घ्यावयाचा आहे आणि चार लेखनिक आहेत. कोणी चपळ, कोणी संथ. सर्वांना सारखी पाने दिली तर चपळ मनुष्य रिकामा बसेल आणि संथाची वाट पाहत ग्रंथ अडेल. म्हणून ज्याच्या त्याच्या गतीप्रमाणे पाने वाटावी लागतात. आणि पानांवर क्रमांक नसतील तर शेवटी हाती ग्रंथ न येता कागदांची रास येईल.

तारांचेही असेच. पाठविणारे यंत्र माहितीचे तुकडे करते, प्रत्येकावर क्रमांक घालते आणि ते निरनिराळ्या जोड्यांवरून सोडते. पलीकडचे यंत्र उशिरा येणाऱ्या तुकड्याची थोडी वाट पाहून सर्व पुन्हा क्रमाने लावते. आता खरी मेख अशी की, एक्सचेंजमधले यंत्र एका कंपनीचे आणि घरातले दुसरीचे असू शकते. दोघांची क्रमांक घालण्याची रीत वेगळी असेल तर सारेच व्यर्थ. म्हणून लेखी नियमांची गरज पडली.

जून २००४ मध्ये आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेने ८०२.३एएच हे मानक संमत केले. २००५ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने जी.९९८ या मालिकेतील मानके काढली. त्यांतील इथरनेटच्या पद्धतीत ३२ पर्यंत जोड्या एकत्र करता येतात. तुकडा साधारणपणे ६४ ते ५१२ बाइटांचा असावा. आणि गटातील सर्वांत जलद जोडीचा वेग सर्वांत मंद जोडीच्या चौपटीहून अधिक नसावा, अशा मर्यादा आहेत. ही शेवटची अट मला फार शहाणपणाची वाटते. फार मोठ्या तफावतीची मंडळी एका जुवाला बांधली, तर सांभाळण्याचा खर्च लाभाहून वाढतो.

कोणत्या जोड्या खरोखर एकाच घरी जातात, हे यंत्रांनी आरंभीच एकमेकांस विचारून घ्यावे, हीही तरतूद आहे. तसेच एखादी जोडी तुटली तर तिला गटातून काढावे, उरलेल्यांनी कमी वेगाने का होईना काम चालू ठेवावे, आणि ती दुरुस्त झाल्यावर तिला परत घ्यावे, अशी व्यवस्था करता येते. एकाच्या दोषापायी सर्वांचे काम बंद पडू नये, हा त्यातील हेतू.

१९९४ साली एडीएसएल फोरम म्हणून निघालेल्या आणि २००८ पासून ब्रॉडबँड फोरम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उद्योगसंघटनेने अशा जोडलेल्या तारांच्या व्यवस्थापनाचे व चाचणीचे दस्तऐवज तयार केले. बाजारात एकमेकांचे प्रतिस्पर्धी असणारे लोक येथे एका टेबलाशी बसतात, हे लक्षात घ्यावे.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ८ मेगाबिटांच्या दोन जोड्या मिळून पुरते १६ मिळत नाहीत. क्रमांकांनाही जागा लागते. एकाच केबलमधल्या जोड्या एकमेकींत गोंगाट करतात. तो निवारण्याची पद्धत २०१० साली मानकात आली. आणि निरोप पोहोचण्याचा वेळ जोडणीमुळे निम्मा होत नाही. आता अनेक देशांत तांब्याची जागा काचतंतू घेत आहे, तेव्हा या यंत्रांचे दिवस मोजके आहेत, हे उघड आहे.

मग आज हे सांगावे कशाला? आपला न्यास वाचनालयासाठी, वसतिगृहासाठी यंत्रे घेतो, आणि तो पैसा मुलांच्या मदतीचा असतो. काचतंतूचे असो वा आणखी कशाचे, यंत्र घेताना विक्रेत्यास एवढे जरूर विचारावे : हे सर्वमान्य मानकाप्रमाणे चालते काय, की उद्या तुमच्याचकडे यावे लागेल? उत्तर लेखी घ्यावे. आणि जोडणी कुठवर न्यावयाची हे ठरविताना दाराजवळच्या खोलीपेक्षा शेवटच्या खोलीतल्या मुलाचा विचार आधी करावा.