भक्ताच्या घरची माणसे

धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी तेर नावाचे गाव आहे. संत गोरोबाकाकांचे हे गाव. गोरोबा जातीने व धंद्याने कुंभार. पायांनी चिखल तुडवीत असता ते विठ्ठलनामात इतके रंगून गेले की, रांगत आलेले त्यांचे मूल त्याच चिखलात तुडविले गेले आणि त्यांना त्याची शुद्धही राहिली नाही, अशी कथा महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते. पुढे पंढरपुरी कीर्तनात देवाने ते मूल परत दिले, असा कथेचा शेवट आहे. भाविक श्रोता या शेवटाशी पोचून समाधान पावतो. पण कथेच्या मध्यभागी एक स्त्री उभी आहे. मूल नवऱ्याच्या हवाली करून ती पाण्याला गेली होती. घागर घेऊन परतली तेव्हा अंगणात मूल नव्हते. त्या माउलीचा आक्रोश आपल्या कानी येतो तो संतचरित्रकारांच्या मुखाने. तिने स्वतः काही लिहून ठेवलेले नाही.

भक्त देवाच्या वाटेने निघतो, तेव्हा त्याच्या घरच्या माणसांचे काय होते, हा प्रश्न तेरच्या कथेत आहे आणि तो कोणा एका पंथाचा नाही. महाराष्ट्रातील एका ख्रिस्ती घराने या प्रश्नाचे उत्तर लिहून ठेविले आहे. त्या घराची आठवण धाराशिवच्या भूमीवर निघण्यास एक निमित्तही घडले. 1920 नंतर बरोबर शंभर वर्षांनी, म्हणजे 2020 च्या जानेवारीत, या शहरी 93 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. शहराचे नाव तेव्हा उस्मानाबाद असे होते. संमेलननगरीला नाव दिले होते गोरोबाकाकांचे, आणि अध्यक्षस्थानी होते वसईचे ख्रिस्ती धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांच्या निवडीवर वाद झाला. तरी संमेलन पार पडले. कुंभार संताच्या नावाच्या मंडपात ख्रिस्ती धर्मगुरूने मराठीचे अध्यक्षपद भूषवावे, यात ज्यांना नवल वाटले, त्यांना मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या पूर्वजांचा विसर पडला असावा. त्या पूर्वजांत अग्रभागी शोभणारे नाव नारायण वामन टिळक यांचे होय. फादर दिब्रिटो 2024 च्या जुलैत निवर्तले. टिळक त्यांच्या आधी शतकाहूनही अधिक काळापूर्वी, 9 मे 1919 रोजी मुंबईस वारले.

टिळकांचा जन्म 1861 सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. आई लहानपणीच गेली, आणि तिच्यामागे घरही सुटले. नाशिकास येऊन त्यांनी विद्या संपादन केली. 1880 साली त्यांचे लग्न झाले तेव्हा वधू लक्ष्मीबाई अकरा-बारा वर्षांच्या होत्या. ज्याला लहानपणी घर लाभले नाही, तो घराला फार चिकटून राहील असे कोणास वाटेल. टिळकांचे तसे नव्हते. मन ओढ घेईल तिकडे ते निघून जात. आज इथे तर उद्या तिथे, अशी नोकरी. हाती आलेला पैसा दुसऱ्याची गरज दिसताच त्याच्या हाती. घरात वाणसामान नसावे, त्यासाठी लक्ष्मीबाईंनी पैसे देऊन त्यांना बाजारात धाडावे, आणि स्वारीने एक सुंदर दौत घेऊन परत यावे, असा तो संसार होता. दौतीच्या शाईने कविता लिहिता येते. चुलीवर ती शिजत नाही. लक्ष्मीबाईंनी हा प्रसंग पुढे हसत हसत सांगितला आहे. परंतु त्या दिवशी घरात काय शिजले असेल, याचा विचार गृहिणींच्या मनात आल्याखेरीज राहणार नाही.

दुःखेही लवकर आली. आधीची अपत्ये हाती लागली नाहीत. 1891 साली दत्तू झाला, तो जगला. याच सुमारास टिळकांच्या मनात धर्माविषयी मोठी खळबळ चालू होती. 1893 साली नागपूरकडून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाशी त्यांचे बोलणे झाले व त्याने त्यांना नवा करार दिला. पुढील दोन वर्षे वाचन, पत्रव्यवहार आणि मनःस्ताप यांत गेली. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरी मूल चार वर्षांचेही झाले नव्हते.

टिळकांच्या चरित्रात ही तारीख उजेडाची मानली जाते, आणि त्यांच्या दृष्टीने ती तशी होतीच. लक्ष्मीबाईंच्या दृष्टीने त्या दिवशी घर मोडले. पती जिवंत असून नाही. कपाळी कुंकू आहे, पण संसार नाही. नातलगांच्या घरी आश्रय आहे, पण तो दुसऱ्याच्या छपराखालचा. त्या काळच्या ब्राह्मण समाजात यापेक्षा अवघड जागा दुसरी नसेल. दत्तूला घेऊन त्या काही काळ पंढरपुरास राहिल्या. ज्या क्षेत्री गोरोबांना त्यांचे मूल परत मिळाले असे कथा सांगते, त्याच क्षेत्री ही दुसरी माउली आपल्या मुलाला उराशी धरून, मोडलेल्या घराचा विचार करीत बसली होती. फरक इतकाच की, तिच्यासाठी कोणताही चमत्कार घडला नाही. जे घडले ते हळूहळू, पत्रांनी, भेटींनी आणि भांडणांनी घडले.

सुमारे पाच वर्षांनी घर पुन्हा उभे राहिले, ते अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास. टिळकांनी पत्नीवर धर्माची सक्ती केली नाही. लक्ष्मीबाई आल्या त्या आपले सोवळे आणि आपले पाणी सांभाळूनच. एकाच छपराखाली दोन धर्म नांदू लागले. पुढे जातिभेद हा माणसाने केलेला असून देवाने केलेला नव्हे, हा विचार त्यांच्याच मनात उगवला, आणि एकदा तो पटल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी वर्ज्य मानले नाही. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पतीच्या मागे त्या फरफटत गेल्या असे कोणी म्हणू नये. त्या आपल्या पायांनी आणि आपल्या गतीने चालत गेल्या, म्हणूनच ते घर पुन्हा मोडले नाही.

या घराचा पुढचा विस्तार रक्ताच्या नात्यापलीकडे गेला. 1899-1900 च्या भीषण दुष्काळात अनाथ झालेल्या मुलांना तेथे आसरा मिळाला. प्लेगच्या दिवसांत लक्ष्मीबाईंनी रुग्णांची शुश्रूषा केली. नंतर त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा एक तरुण घरात राहावयास आला. महाराष्ट्र त्याला बालकवी म्हणून ओळखतो. तो हिंदू, यजमान ख्रिस्ती. पण जेवणाच्या पंक्तीला आणि कवितेच्या बैठकीला तो घरचाच मुलगा होता. 5 मे 1918 रोजी जळगावाजवळ भादली स्थानकापाशी आगगाडीखाली सापडून तो वारला. वय अवघे सत्तावीस. ज्याने फुलांवर आणि मुलांवर कविता लिहिल्या, त्या टिळकांना उतारवयात हा घाव सोसावा लागला. त्यानंतर ते स्वतः जेमतेम एक वर्ष जगले.

कुटुंब आणि वियोग यांविषयी टिळकांना काय वाटत होते, हे त्यांच्या कवितांच्या नावांवरूनही उमगते. ‘बापाचे अश्रू’, ‘माझी भार्या’, ‘लेकरांची जिज्ञासा’ ही त्यांची काही शीर्षके. मराठी कवितेत तोवर देव होते, राजे होते, पुराणातील नायिका होत्या. स्वतःची बायको, स्वतःचे मूल, माजघरातील सुखदुःख हा कवितेचा विषय होऊ शकतो, हे दाखविणाऱ्यांत टिळक आघाडीवर होते. येथे एक विसंगती दिसते. ज्याच्या कवितेत घर इतके भरून आहे, त्याच्या घरात तो कितीदा नसे! पण ही विसंगती लबाडीची नव्हती. टिळकांचे प्रेम खरे होते; त्याला कुंपण तेवढे नव्हते. घरच्या मुलाला जे द्यावयाचे, तेच रस्त्यावरच्या मुलाला द्यावे असे त्यांना वाटे, आणि मग घरच्या वाट्याला पुष्कळदा कमी येई.

आयुष्याच्या अखेरीस त्यांच्या मनाचा कल अधिकच स्पष्ट झाला. 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारण्याचे काम हाती घेतले. ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्या सर्वांचे, बाप्तिस्मा झालेल्यांचे व न झालेल्यांचेही, एक कुटुंब व्हावे ही त्यामागील कल्पना होती. आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या पुलावरून, असे ते म्हणत. मृत्यूनंतर आपल्या देहाचे दहन व्हावे, ही त्यांची इच्छाही याच मनाची होती. धर्म बदलला म्हणून बापजाद्यांची भाषा, अभंग, टाळ आणि चालीरीती यांच्याशी असलेले नाते तुटत नाही, असा त्यांचा विश्वास होता.

टिळक गेले आणि घरात उरले काय? इस्टेट नव्हती. उरली ती अपुरी कामे. त्यांत मोठे काम होते ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्याचे. आरंभीचे थोडे अध्याय लिहून टिळक थांबले होते. ज्या लक्ष्मीबाईंना लग्नानंतर अक्षरओळख झाली आणि जोडाक्षरांनी जन्मभर त्रास दिला, त्यांनी ते काम पुढे चालविले व 64 अध्याय रचले. नवऱ्याच्या आठवणीने रडत बसण्यास कोणी त्यांना मनाई केली नसती. त्यांनी दुःखाला रोजचे काम लावून दिले. सकाळची न्याहारी, नातवंडांची गडबड, आल्यागेल्याचे स्वागत आणि त्यातच ओव्यांची जुळणी, असा त्यांच्या वैधव्याचा क्रम होता.

दुसरे काम मुलाने सांगितले. देवदत्त टिळक, म्हणजे लहानपणचा दत्तू, यांच्या आग्रहावरून लक्ष्मीबाईंनी आठवणी लिहावयास घेतल्या. ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागली. 24 फेब्रुवारी 1936 रोजी लेखिका वारल्या. या ग्रंथात पतीला देव्हाऱ्यात बसविलेले नाही. टिळक रागावतात, विसरतात, पैसे उधळतात, न सांगता निघून जातात, परत येऊन मुलासारखे वागतात; आणि हे सर्व वाचून त्यांच्याविषयीचा आदर तसूभरही कमी होत नाही. तेरच्या कुंभारणीला जे लिहिता आले नाही, ते या बाईने लिहिले. भक्ताच्या घरी राहणे किती कठीण असते हे तिने सांगितले, आणि तरी त्या घरी राहावेसे का वाटते, हेही सांगितले.

काम येथेही संपले नाही. देवदत्तांचे पुत्र अशोक देवदत्त टिळक यांनी पुढे संपूर्ण ‘स्मृतिचित्रे’ संपादून वाचकांच्या हाती दिली. पुष्कळ घरांत नातवाला आजोबा भेटतात ते भिंतीवरच्या तसबिरीत, हार घातलेले आणि गप्प. त्यांच्याविषयी चार ठरीव वाक्ये सांगितली जातात: फार सज्जन होते, फार कडक होते, देवमाणूस होते. या नातवाला मात्र आजोबा मिळाले ते आजीच्या लेखणीतून, दौतीसह आणि भांडणांसह. त्याने तेथली एकही सुरकुती पुसली नाही.

वंशजांनी पूर्वजांचे दोष झाकावेत, ही आपल्याकडे कुलीनपणाची खूण समजतात. झाकलेला माणूस एकदोन पिढ्यांत पुसट होतो, हा अनुभवही सर्वांचा आहे. टिळकांच्या घरात तसे झाले नाही. पतीने अर्धे टाकलेले पत्नीने पुरे केले, पत्नीकडून मुलाने लिहवून घेतले, आणि आजीचे लिहिलेले नातवाने जपले. घरातला वियोग तीन पिढ्यांनी कामाच्या रूपाने असा वाटून घेतला.

प्रत्येक घरात कवी नसतो आणि प्रत्येक आजीच्या हातून ‘स्मृतिचित्रे’ होत नाहीत. परंतु आजोबा बाजारातून एकदा भलतेच काय घेऊन आले होते, कोणत्या गोष्टीवरून घरात अबोला धरला गेला आणि तो कसा सुटला, कोणाच्या मुलाला आपल्या ताटात जेवावयास बसविले होते, हे प्रत्येक आजीला ठाऊक असते. ती सांगावयास तयार आहे तोवर तिच्यापाशी बसून ते विचारून घ्यावे, आणि तिने जसे सांगितले तसेच, मध्ये काही न गाळता, एखाद्या साध्या वहीत उतरून ठेवावे.