जुन्या मोटारीचा क्लच

कुंभाराचें चाक आपण पाहिलें असेल. काठीनें त्याला दोनचार वेळां गति दिली कीं तें स्वतःच्या जडपणाच्या बळावर बराच वेळ फिरत राहतें. मोटारीच्या इंजिनामागें असेंच एक जड चाक असतें. त्याला फ्लायव्हील म्हणतात. चार सिलिंडरांच्या इंजिनांत दर अर्ध्या फेऱ्याला एक स्फोट होतो. दोन स्फोटांच्या मधल्या काळांत हें चाक इंजिनाला फिरतें ठेवतें आणि त्याची चाल एकसारखी करतें. चाकाच्या सपाट पाठीवर अस्तर लावलेली एक तबकडी स्प्रिंगच्या जोरानें दाबून बसविलेली असते. ती क्लचप्लेट. ती चाकाला घट्ट धरून आहे तोंवर इंजिनाचें बळ गिअरबॉक्सकडे जातें. पायानें पेडल दाबलें कीं ती सुटते आणि इंजिन एकटेंच फिरूं लागतें. ही जोडी झिजली म्हणजे काय करावें, हें आज एका गाडीच्या उदाहरणानें सांगावयाचें आहे.

ती गाडी म्हणजे एम.जी.बी. इंग्लंडांतील अ‍ॅबिंग्डन येथें १९६२ पासून १९८० पर्यंत ही लहानशी वेगवान मोटार तयार होत असे. पांच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या, आणि जुन्या गाड्यांचे शौकीन त्यांतल्या पुष्कळशा आजही जिवापाड जपतात. तिकडे राहणारे माझे एक स्नेही अशांपैकींच. एकदां चढावर त्यांच्या गाडीच्या इंजिनाचा आवाज वाढे, पण वेग कांहीं वाढेना; वर जळकट वास येई. क्लच घसरत असल्याची हीच खूण. याउलट, पेडल पुरतें दाबूनही गिअर खरखरत पडूं लागला, तर दोष क्लचमध्येंच असेल असें नाहीं. या गाडींत पायाचा दाब तेलाच्या नळीवाटे पोंचतो. तें तेल कुठें झिरपत असेल, तर थोडक्यांत भागतें. ही चौकशी आधीं करावी, कारण पुढचें काम मोठें आहे.

या गाडीचा गिअरबॉक्स एकटा खालून उतरवितां येत नाहीं. इंजिनच वर उचलून बाहेर काढावें लागतें. पाण्याच्या व पेट्रोलच्या नळ्या, तारा, धुराडें, सर्व सोडवावें, आणि आठ इंच व्यासाच्या एका तबकडीसाठीं सारें इंजिन सांखळीला टांगावें! म्हणून या कामाचें सूत्र असें कीं, वस्तु स्वस्त आहे, तिच्याकडे जाण्याची वाट महाग आहे. एकदां वाट उघडली कीं तीवरची प्रत्येक झिजलेली वस्तु बदलून टाकावी.

माझे स्नेही नेमके येथेंच चुकले. तबकडी त्यांनीं नवी घातली. परंतु फ्लायव्हीलच्या पाठीवर उष्णतेचे निळसर डाग व बारीक भेगा दिसत असूनही, “अजून चालेल,” म्हणून तें तसेंच ठेवलें. तीन आठवड्यांत गाडी जागेवरून निघतांना थरथरूं लागली, आणि इंजिन पुन्हा बाहेर आलें. पहिल्या वेळीं वांचविलेले पैसे दुसऱ्या मजुरींत कितीतरी पटींनीं गेले.

या दुसऱ्या खेपेस मी तेथें होतों. वरवरच्या चरांचें फ्लायव्हील लेथवर साफ करतां येतें. पण भेगा खोल होत्या, तेव्हां नवेंच घेतलें. फ्लायव्हीलच्या कडेला स्टार्टरसाठीं दांत्यांचें कडें असतें. इंजिन बंद होतांना बहुधा ठराविक ठिकाणींच थांबतें, त्यामुळें तेच दांते झिजतात, तेंही पाहिलें. इंजिनाचें तेल अस्तरावर येऊं नये म्हणून मागचें सील बदललें. गिअरबॉक्सच्या दांड्याचें टोंक ज्यांत फिरतें, तो कांशाचा चिमुकला बुश तेलांत भिजवून बसविला. शेवटीं, पेडल दाबतांच स्प्रिंगवर टेकणारें कार्बनचें कडें नवें घातलें.

एक मोह मात्र आवरला. शर्यतीच्या गाड्यांत हलकें फ्लायव्हील घालतात. त्यानें इंजिन झटकन चढतें. परंतु कुंभाराचें चाक हलकें केलें तर तें लवकर थांबेल, तसेंच येथेंही. गाडी उभी असतांना इंजिन अडखळतें, आणि चढावर गाडी हलविणें जिकिरीचें होतें. रोजच्या रस्त्याला मूळचें वजनच बरें.

जोडतांना तबकडी दांड्यानें बरोबर मध्यावर धरली, बोल्ट समोरासमोरचे घेत थोडे थोडे आवळले, आणि गिअरबॉक्स जुळवितांना त्याचा भार क्षणभरही तबकडीवर पडूं दिला नाहीं. कारण त्या भारानें ती वांकते.

गाडी आतां निमूटपणें चढ चढते. पण त्या कार्बनच्या कड्याचें आयुष्य कारागिराच्या हातांत नाहीं. सिग्नलपाशीं पेडल दाबून उभें राहिलें, किंवा चालतांना पाय त्यावर विसांवला, कीं तें कडें झिजूं लागतें. गाडी थांबली कीं गिअर सोडवावा आणि पाय बाजूस घ्यावा. एवढी एक संवय जडली, तर इंजिन टांगण्याची पाळी पुष्कळ वर्षें लांबेल.