हा धूर कुणाचा?

आज आपण धुराविषयी बोलू. चुलीचा धूर आपल्या ओळखीचा आहे. तो कुणाच्या घरातून निघाला, हे लांबूनही कळते. पण एक धूर असा आहे, की तो निघतो एका ठिकाणी आणि दिसतो भलत्याच ठिकाणी. मग तो कुणाचा, हे ठरवायचे कसे? अमेरिकेत हा तंटा उभा राहिला होता. तो कसा सुटला, ते पाहू.

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात ग्रँड कॅनियन नावाची प्रचंड दरी आहे. कोलोरॅडो नदीने खडक कापून कापून ती केली. दरी सुमारे ४४६ किलोमीटर लांब आहे. खोली दीड किलोमीटरच्या वर. सरकारने हा मुलूख राष्ट्रीय उद्यान म्हणून राखला आहे. लांबलांबून लोक ती दरी बघायला येतात. पण हिवाळ्यात कधी कधी दरी पांढुरक्या धुरकटीने भरून जाई. पलीकडचा कडा पुसट दिसे.

१९७७ साली तिथल्या संसदेने हवेच्या कायद्यात भर घातली. मोठी उद्याने आणि राखीव राने यांत माणसाने केलेल्या धुराने नजर अडू नये, असे ठरले. अशी १५६ ठिकाणे निवडली.

आता धूर नजर कशी अडवतो? छपराच्या फटीतून कवडसा पडला, की त्यात धूळ नाचताना दिसते. ते कण उजेड इकडेतिकडे उडवतात. मोकळ्या हवेतही तसेच होते. डोंगरावरून आपल्या डोळ्यांकडे येणारा उजेड वाटेतच विखुरतो. उन्हाचा उजेड मात्र मध्येच डोळ्यांत येतो. म्हणून डोंगर फिका दिसतो.

दगडी कोळशात गंधक असते. कोळसा जळला, की त्याचा वायू होतो. तो डोळ्यांना दिसत नाही. पण वाऱ्याबरोबर जाता जाता त्याचे अगदी बारीक कण बनतात. डोक्याच्या केसाच्या जाडीपुढे ते कितीतरी लहान. हवा दमट असली, की हे कण पाणी घेऊन फुगतात आणि धुरकट वाढते. म्हणजे धुराड्यापाशी उभे राहून काही कळायचे नाही.

दरीपासून जवळच, पेज गावाशेजारी, कोळशावर चालणारे मोठे वीजघर होते. नाव नवाहो वीजघर. त्याला तीन उंच धुराडी. लोकांचा संशय त्याच्यावर. पण नुसत्या संशयाने काय होते? धूर शहरांचा असेल, मोटारींचा असेल, वणव्याचाही असेल. उद्यानांत यंत्रे बसवली होती. ती हवा ओढून बारीक कण गाळणीवर धरत. ते तोलून पाहिले, तर गंधकाचे कण सापडत. पण कणावर मालकाचे नाव थोडेच लिहिलेले असते!

बाजारात गुरे मिसळली, तरी डाग दिलेले जनावर ओळखू येते. शास्त्रज्ञांनी तेच केले. १९८७ च्या हिवाळ्यात त्यांनी वीजघराच्या धुराड्यांत खुणेचा एक वायू सोडला. हा वायू एरवी हवेत जवळजवळ नसतोच. मग दरीच्या काठावरची हवा तपासली. तो वायू तिथे सापडला.

तरी वाद मिटला नाही. १९९० साली देशातल्या नामवंत शास्त्रज्ञांच्या समितीने सारी मोजमापे पुन्हा तपासली. समिती म्हणाली, हिवाळ्यातल्या काही धुरकटीत या वीजघराचा मोठा वाटा आहे. मात्र तो नेमका किती, हे या मोजमापांवरून सांगता येत नाही. जेवढे कळले तेवढेच सांगितले. आणि तेवढे पुरले. १९९१ साली ठरले, की गंधकाचा वायू शेकडा ९० ने कमी करायचा. धुराड्यात जाण्याआधी धूर चुनखडीच्या पाण्याने धुवायची सोय झाली. १९९९ पर्यंत ती तिन्ही ठिकाणी बसली.

वीजघर बंद का केले नाही, असे कुणी विचारील. त्याच्या विजेवर कोलोरॅडोचे पाणी दूरच्या शहरांना आणि शेतांना चढवले जाई. तिथे बहुतेक कामगार नवाहो जमातीचे होते. त्यांच्या चुली त्यावर पेटत. पुढे स्वस्त नैसर्गिक वायूपुढे कोळशाची वीज परवडेना, म्हणून २०१९ साली ते बंद पडले. नवाहो माणसांचा रोजगार गेला. म्हणून दोन्ही बाजू पाहाव्या लागतात. धूर धुता येतो, तोवर तो धुवावा. त्यात डोंगरही राहतो आणि भाकरीही राहते.

शिवाय हेच बारीक कण श्वासाबरोबर छातीत खोल उतरतात. जो धूर डोंगर झाकतो, तो माणसालाही बाधतो.

मंडळी, यातून आपण एवढे घ्यावे. नुसत्या आरडाओरड्याने हा तंटा सुटला नाही. कुणीतरी हवा गाळली, तोलली आणि वर्षानुवर्षे आकडे लिहून ठेवले. आता आपल्यालाही लिहिता येते. धूर कोणत्या दिवशी आला, वारा कुठून होता, समोरचा डोंगर दिसला की नाही, हे वहीत तारखेसह मांडून ठेवावे. तोंडची तक्रार कुणीही उडवून लावील. लिहिलेली नोंद उडवणे सोपे नाही.