नेत्यास पायउतार होण्यास सांगण्याचा अधिकार

(वर्षावासाच्या सांगतेनिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज वर्षावासाची सांगता आहे. आपल्यापैकी अनेक कुटुंबांनी नुकतीच धम्मदीक्षा घेतली आहे. म्हणून आजच्या दिवशी भिक्खुसंघात जो विधी होतो त्याचा अर्थ प्रथम सांगतो, कारण माझ्या विषयाचे मूळ तेथेच आहे. या विधीस पवारणा म्हणतात. वर्षावासात एकत्र राहिलेले भिक्खू एकमेकांसमोर बसतात आणि प्रत्येकजण संघास विनवितो की, माझ्या वर्तनात आपण काही दोष पाहिला असेल, ऐकला असेल अथवा आपणांस तशी शंका आली असेल, तर मला सांगावे. ही विनंती प्रथम करतो तो सर्वांत ज्येष्ठ भिक्खू. श्रावस्तीच्या पूर्वाराम विहारात स्वतः तथागतांनी पाचशे भिक्खूंसमोर हाच प्रश्न केल्याची नोंद संयुत्तनिकायात आहे.

जेथे शास्ता स्वतः आपले दोष विचारतो, त्या धम्माचे आपण अनुयायी. मग आपल्या राजकीय जीवनात काय दिसते? नेता लोकांच्या मनातून उतरला आहे, हे वस्तीतील लहानथोरांस कळते. सभा ओस पडतात, मते घटतात, जुने कार्यकर्ते घरी बसतात. परंतु पक्षातील एकही मनुष्य उठून त्याच्या तोंडावर असे म्हणत नाही की, साहेब, आपण पुष्कळ केले, आता पद सोडावे. आपणांस दोनच मार्ग ठाऊक झाले आहेत : एक जयजयकाराचा, दुसरा फाटाफुटीचा. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपूर येथे रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. त्याचे पुढे किती तुकडे झाले हे या सभेत मोजून दाखविण्याची गरज नाही. ज्यांच्या वस्तीतून एकाच जयंतीच्या दोन मिरवणुका निघतात त्यांस ते पाठ आहे. फुटणाऱ्या प्रत्येकाने नेत्याविरुद्ध तक्रार केली. परंतु ती बाहेर पडल्यावर केली.

पक्षात राहून, उघडपणे, नेत्यास पायउतार होण्यास सांगणे हा तिसरा मार्ग आहे. तो कसा चालतो हे पाहावयाचे तर १९४० सालच्या इंग्लंडकडे पाहावे लागेल.

नेव्हिल चेंबरलेन हे १९३७ पासून पंतप्रधान होते. १९३८ च्या म्युनिक करारानंतर ज्यांनी त्यांस डोक्यावर घेतले त्यांचाच विश्वास पुढे उडाला. एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने डेन्मार्क व नॉर्वे या देशांवर आक्रमण केले. नॉर्वेच्या मदतीस गेलेले ब्रिटिश सैन्य मध्य नॉर्वेतून माघारी आणावे लागले. ७ व ८ मे रोजी पार्लमेंटात यावर चर्चा झाली. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचेच एक सभासद लिओ अमेरी ७ मे च्या संध्याकाळी बोलावयास उभे राहिले. हे गृहस्थ चेंबरलेन यांच्या वडिलांचे, जोसेफ चेंबरलेन यांचे, राजकारणातील निष्ठावंत अनुयायी. दोघेही बर्मिंगहॅम या एकाच शहराचे प्रतिनिधी, आणि पूर्वी एकाच मंत्रिमंडळात बसलेले. आपल्याकडील भाषेत सांगावयाचे तर, ज्या घराचे मीठ खाल्ले त्याच घराविरुद्ध ते उभे राहिले. भाषणाच्या शेवटी त्यांनी क्रॉमवेलने १६५३ साली पार्लमेंटास उद्देशून काढलेले कठोर उद्गार आपल्याच पंतप्रधानास ऐकविले. तुम्ही येथे फार काळ बसलात, आता देवाचे नाव घेऊन चालते व्हा, असा त्यांचा आशय होता. ते उच्चारावेत की नाही याविषयी त्यांच्या मनाची तयारी आधी पुरी झाली नव्हती. सभागृहाचा कल पाहून त्यांनी ते उच्चारले.

दुसऱ्या दिवशी मतदान झाले. सरकारच्या बाजूने २८१ आणि विरुद्ध २०० मते पडली. म्हणजे सरकार जिंकले! परंतु ज्या सरकारचे मताधिक्य दोनशेच्या वर असे, ते ८१ वर आले होते. सरकारपक्षाच्या सुमारे ४० सभासदांनी पक्षादेश मोडून विरुद्ध मत दिले होते आणि आणखी कित्येकांनी मतच दिले नव्हते. मजूर पक्षाने चेंबरलेन यांच्या हाताखाली काम करण्यास नकार दिला, आणि १० मे रोजी त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी चर्चिल आले. गंमत अशी की नॉर्वेच्या मोहिमेची मोठी जबाबदारी आरमारमंत्री या नात्याने चर्चिल यांचीच होती, आणि त्या चर्चेत सरकारची बाजू शेवटी त्यांनीच मांडली. राजकारणात न्याय नेहमीच सरळ रेषेत चालत नाही.

या अमेरींची आपण आरती करावी असे मी म्हणत नाही. गोरखपुरात जन्मलेला हा मनुष्य पक्का साम्राज्यवादी होता. त्याच मे महिन्यात ते भारतमंत्री झाले आणि १९४५ पर्यंत राहिले. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना लंडनमध्ये त्या खात्यावर बहुतांश काळ हेच अमेरी बसले होते. आणि १९४३ चा बंगालचा दुष्काळ त्यांच्याच कारकिर्दीतला. मला त्यांचे चरित्र सांगावयाचे नसून त्या दोन दिवसांची रीत सांगावयाची आहे. जे बोलावयाचे ते पंतप्रधान ज्या सभागृहास उत्तरदायी होते त्या सभागृहात, नाव लपविल्याशिवाय, झालेल्या गोष्टींचा आधार घेऊन बोलले गेले. पक्ष फुटला नाही. पदावरून उतरलेले चेंबरलेन नव्या युद्धमंत्रिमंडळात चर्चिल यांच्या हाताखाली बसले आणि प्रकृतीने साथ सोडेपर्यंत काम करीत राहिले. आपल्याकडे उतरलेल्या नेत्यास कार्यालयात खुर्चीही मिळत नाही, म्हणून कोणी उतरत नाही, हेही खरे आहे.

आता कोणी विचारील की, पायउतार व्हा म्हणणारा प्रत्येकजण सज्जन कशावरून? शंका रास्त आहे, आणि तिचे उदाहरण विनयपिटकातच आहे. राजगृहात, राजासह बसलेल्या परिषदेत, देवदत्त उठला आणि तथागतांस म्हणाला की, आपण आता वृद्ध झाला आहात, निश्चिंत राहावे, भिक्खुसंघ माझ्या स्वाधीन करावा. तीन वेळा त्याने हे मागितले व तीन वेळा त्यास नकार मिळाला. सारिपुत्त व मोग्गल्लान यांच्या हातीही मी संघ सोपविणार नाही, मग तुझ्या कसा, असे तथागतांनी त्यास सांगितले. पुढे देवदत्ताने संघ फोडला. देवदत्ताच्या मागणीत तथागतांचा एक तरी दोष दाखविला होता काय? नाही. वयाचे निमित्त होते आणि मागणी स्वतःसाठी होती. म्हणून कोणी आपणांस सही मागावयास आला तर त्यास प्रथम विचारावे : साहेब गेल्यावर त्या खुर्चीत कोण बसणार? उत्तर ‘मी’ असे असेल तर सही करण्यापूर्वी एक रात्र जाऊ द्यावी. महत्त्वाकांक्षा हा गुन्हा नव्हे, परंतु तिने तत्त्वाचे वस्त्र पांघरले की ओळखू येत नाही.

मी वकील असल्यामुळे कायद्याविषयी थोडे बोलतो, कारण या बाबतीत भीती फार पसरलेली आहे. १९८५ साली ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले. पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्या आमदार-खासदारास त्यामुळे जागा गमवावी लागू शकते. इंग्लंडातील त्या चाळीसांनी जे केले ते आपल्याकडे करणे म्हणून कठीण आहे. पक्ष ‘स्वेच्छेने सोडला’ हे वर्तनावरूनही ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने गोव्याच्या रवी नाईक खटल्यात १९९४ साली सांगितले. परंतु यावरून नेत्याविरुद्ध बोलणे म्हणजे पक्ष सोडणे असा अर्थ काढणे चूक आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये कर्नाटकात भारतीय जनता पक्षाच्या ११ आमदारांनी मुख्यमंत्री येडियुरप्पा यांचा पाठिंबा काढल्याचे राज्यपालांस कळविले. आम्ही पक्ष सोडलेला नाही, नेता बदला, असे त्यांचे म्हणणे होते. अध्यक्षांनी घाईघाईने त्यांस अपात्र ठरविले. मे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. त्या आमदारांचे हेतू किती निर्मळ होते हा वेगळा प्रश्न आहे. मुद्दा असा की नेता आणि पक्ष ह्या दोन वस्तू आहेत. शिवाय हे परिशिष्ट सभागृहाच्या सभासदांस लागू आहे. आपण साधे सभासद. आपणांस फार तर पक्षातून काढतील, आणि तेही पक्षाच्या घटनेतील रीतीनेच काढले पाहिजे. ती घटना किती जणांनी वाचली आहे? एक तरी प्रत या विहारात आहे काय?

एक आक्षेप मात्र कायद्याचा नाही, मनाचा आहे. या नेत्याने आमच्यासाठी मार खाल्ला, तुरुंग भोगला, आमच्या मुलांस वसतिगृहात जागा मिळवून दिली, त्यास जा म्हणून कसे सांगावे? ज्यांस साऱ्या गावाने पाण्यापासून दूर ठेवले त्यांस उपकाराचे मोल अधिक कळते, हे मी जाणतो. पण २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी याच भावनेविषयी सावध केले होते. थोर पुरुषाविषयी कृतज्ञता असावी, परंतु तिला मर्यादा आहे; धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेल, राजकारणात ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असा त्या भाषणातील विचार आहे. स्वतः बाबासाहेबांनी मतभेद झाले तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये केंद्रीय मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पद सोडल्याने मनुष्य लहान होतो असे मानणाऱ्यांनी हे आठवावे.

माझ्या मते नेत्यास पायउतार होण्यास सांगणे हा उपकाराचा विसर नव्हे. त्याच्या पाठीमागे कुजबुजणे आणि समोर हार घालणे, हा विसर होय. बायका या बाबतीत पुरुषांपेक्षा स्पष्ट बोलतात, असा माझा अनुभव आहे. पण त्यांस बैठकीस बोलावीतच नाहीत. ज्या घरांनी नुकतीच दीक्षा घेतली आहे त्यांनी ही जुनी सवय तरी उंबऱ्याबाहेर ठेवावी, आणि बैठकीस दोघांनीही जावे.

असे पत्र लिहावयाचे झाल्यास ते नेत्याच्या नावे लिहावे, वर्तमानपत्राच्या नावे नव्हे. त्यात ऐकीव गोष्ट घालू नये. कोणत्या सभेत काय ठरले, त्यातील काय झाले नाही, कोणत्या निवडणुकीत आपल्या मतांचे काय झाले, हे तारखांसह लिहावे. त्यांनी केलेल्या कामाची नोंदही त्याच पत्रात असावी, आणि ती खोटी नसावी. कोणत्या तारखेपर्यंत पद सोडावे आणि नवी निवड सभासदांच्या सभेत कशी व्हावी, हे स्पष्ट मागावे. खाली प्रत्येकाने आपले पूर्ण नाव व सभासद क्रमांक घालावा. शक्य असेल तर पत्र डाकेने न पाठविता दोघाचौघांनी हाती नेऊन द्यावे, पोच घ्यावी, आणि साहेब बोलू लागल्यास मध्ये न तोडता ऐकून घ्यावे.

जय भीम.