सेन्सरचा निरोप कुणाच्या फोनवर?

(महिला शेतकरी मेळाव्यातील भाषणाचा काही भाग)



जमिनीत ओल किती आहे, ते आता सेन्सर सांगतो. ड्रोन एकरभर फवारणी काही मिनिटांत करतो. पाणी वाचतं, खत वाचतं. फवारणीसाठी पाण्याचे हंडे वाहून मोडणारी आपली मानही वाचते. हे आपल्याला हवंच आहे.

पण सेन्सरचा निरोप कुणाच्या फोनवर येतो? बहुधा ज्याच्या नावावर सातबारा, त्याच्याच. शेतकरी ओळख क्रमांकही सातबाऱ्यालाच जोडलेला. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शंभर खातेदारांत बाया जेमतेम चौदा होत्या. खुरपणी, लावणी, वेचणी मात्र आपल्याकडे!

‘नमो ड्रोन दीदी’ योजना २०२३ मध्ये मंजूर झाली. १५ हजार बचत गटांना ड्रोन, ८० टक्के अनुदान. चांगलं आहे. पण लोकांच्या शेतावर ड्रोन उडवणाऱ्या बाईच्या नावावर स्वतःचं गुंठाभर तरी रान आहे का?

वारसा कायद्यात मुलीला मुलाइतका वाटा महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, देशाने २००५ मध्ये. तरी चोळी-बांगडीवर हक्कसोड लिहून घेतात. लक्ष्मीमुक्तीच्या १९९२ च्या परिपत्रकाने नवऱ्याच्या अर्जावर बायकोचं नाव सातबाऱ्यावर लागू शकतं. किती घरांत लागलं?

यंत्राला इंचाइंचाची ओल कळते, पण त्या इंचावर कोण राबलं ते कळत नाही. ते आपणच सांगायचं. म्हणून गावात यंत्र येण्याआधी तलाठ्याकडे जाऊ या. आधी सातबाऱ्यावर नाव, मग शेतात सेन्सर!