परसाकडची वाट
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



मला बोलायला सांगितले तेव्हा मी म्हटले, पाककृती सांगते. परंतु चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही ती घराशेजारची वाट केलीत ना, तिच्याबद्दल सांगा." वाट म्हणजे काही मोठी गोष्ट नव्हे. फाटकापासून मागच्या परसापर्यंत, भिंत व कुंपण यांच्यामधली ती चाळीस फुटांची बोळ. पण आपण बायका दिवसातून वीस वेळा तिथून जातो. धुणे वाळत घालायला, तुळशीला पाणी घालायला, कचरा टाकायला. आणि बहुधा हात भरलेले असतात.

आधी माझी चूक सांगते. आमच्याकडे मामंजींच्या वेळेपासून खडबडीत शहाबादी फरशी होती. कुठे वर, कुठे खाली, कडा उडालेल्या. मला ती ओबडधोबड वाटे. दुकानात चकचकीत पांढरी टाईल पाहिली व हट्टच धरला. आमचे हे म्हणत होते, जुनेच दगड सारखे करून घेऊ. मी ऐकले नाही. दगड एका ट्रॅक्टरवाल्याला फुकट देऊन टाकले. टाईल लागली तेव्हा शेजारणी पाहायला आल्या, मला फार बरे वाटले.

पुढच्याच श्रावणात सासूबाई तुळशीकडे जाताना त्या टाईलवरून घसरल्या. मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, नंतर आठ महिने वॉकर. त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. एकदाच खाटेवरून म्हणाल्या, "सूनबाई, आपले ते दगड कुठे गेले गं?" मी उत्तर दिले नाही.

तेव्हा दगड निवडताना पहिली परीक्षा ही. दुकानात नमुना हाताने चोळून पाहू नका. जमिनीवर ठेवा, तांब्याभर पाणी ओता, थोडा साबण टाका आणि एका हाताने खुर्चीचा आधार धरून अनवाणी पाय ठेवून पाहा. घसरला तर ती वस्तू स्वयंपाकघराच्या भिंतीला लावा, वाटेला नको.

दुसरी गोष्ट आपल्या नागपूरची माती. काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मिस्त्रीने आमची टाईल या मातीवरच पातळ कोबा करून बसवली होती. एका उन्हाळ्यात ती पोकळ वाजू लागली, दुसऱ्या पावसाळ्यात घराच्या बाजूला कलली, आणि पाणी भिंतीत मुरू लागले. म्हणजे वरचा दगड कितीही भारी असो, खालचे काम कच्चे तर सगळे कच्चे.

म्हणून यावेळी मी मोडा घेऊन उभी राहिले. वाट तीन फूट रुंद, म्हणजे १२० चौरस फूट. नऊ इंच माती खणून बाहेर काढली. तीत दाबून सहा इंच भरेल असा मुरूम दोन थरांत टाकला, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मसाने ठोकला. मिस्त्री एकाच थरात उरकायला निघाला होता, पण तसे वरचे तेवढे घट्ट होते व खालचे पोकळ राहते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट मुरूम आणला, थोडा उरलासुद्धा. त्यावर दोन इंच दगडाची चुरी, आणि चुरीवर दीड इंच जाडीची शहाबादी, खडबडीत बाजू वर. सांधे अर्धा इंच ठेवले व चुरीनेच भरले, सिमेंट घातले नाही. एखादा दगड खचला तर पहारीने उचलून पुन्हा बसवता येतो.

उतार घराकडून कुंपणाकडे ठेवला, तीन फुटांत पाऊण इंच. तेवढा डोळ्याला दिसत नाही पण पाण्याला कळतो. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट तुम्हाला आठवत असेल. चार तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, किती घरांत पाणी शिरले. असा पाऊस पडला की माझ्या एवढ्याशा वाटेवरच ११०० लिटर पाणी होते, ७० हून अधिक बादल्या! ते पायाकडे वळवायचे की अळूच्या वाफ्याकडे, हे पाऊण इंच ठरवते.

आता इतर वस्तूंबद्दल थोडक्यात. गट्टू वाईट नाहीत. चालण्याच्या वाटेला ६० मिलिमीटर जाडीचे पुरतात, मोटार जायची असेल तर ८०. मात्र दोन्ही कडांना पक्की पट्टी हवी, नाहीतर ते पसरतात. घासलेला कोटा दगड घरात सुंदर, बाहेर पावसात मला भीतीच वाटते. पांढरे गोटे चित्रात शोभतात, पण त्यात वॉकर रुतते आणि कडुनिंबाचा पाला वेचता वेचता कंबर मोडते. गडद काळा दगड मे महिन्यात अनवाणी पायाला तव्यासारखा लागतो. आपल्याकडे पारा ४७ च्या पुढे गेलेला आहे, हे विसरू नये.

शेवाळ शहाबादीवरही येतेच, ऊन न येणाऱ्या जागी विशेष. मी आठवड्यातून एकदा काथ्याच्या कुंच्याने घासते, फार झाले तर ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने. संडासाचे ॲसिड मुळीच वापरू नका. शहाबादी व कोटा हे चुनखडीचे दगड, ॲसिडने फेसाळून खातात. आणि ॲसिड व ब्लीचिंग एकत्र आले तर विषारी वायू निघतो, जिवावर बेतते.

दगड आणायला गेले तेव्हा जुनेच मिळतात का म्हणून त्या ट्रॅक्टरवाल्याकडे चौकशी केली. ते केव्हाच दुसऱ्या कोणाच्या गोठ्यात बसले होते.

सासूबाई आता काठीने तुळशीपर्यंत जातात. तिसऱ्या रांगेतला एक दगड अजून डुगडुगतो. रोज जाताना त्या काठीने त्यावर टकटक करून मला दाखवतात. दिवाळीच्या आत तो बसवायचा आहे. ज्यांना वाट पाहायची असेल त्यांनी चार वाजल्यानंतर यावे, चहा होईल.