जुनं घर, नवी मोरी

रसायनीच्या बचत गटांतून आम्ही बोलतोय.

मागच्या हिवाळ्यात गटाच्या बायका माथेरानला गेलो होतो. रोज दिसणारा डोंगर, पण निम्म्या जणी पहिल्यांदाच वर चढल्या. ठाण्याचे कलेक्टर मॅलेट १८५० साली तिथं पोचले, मग साहेबांचे बंगले उभे राहिले. त्यातलं १८५२चं बार हाऊस दुरुस्त करून त्याचं 'व्हरांडा इन द फॉरेस्ट' हॉटेल झालंय. आम्ही बाहेरूनच पाहिलं, आतलं भाडं कोण देणार! जुना व्हरांडा तसाच आहे आणि घर वापरात आहे.

आमची एक सभासद तिथं गप्प होती. तिचं घर दगडमातीचं, वर कौलं. पोरं म्हणतात पाडा, स्लॅब टाका. ती म्हणाली, "जुनं राखा म्हणायला छान वाटतं. भर पावसात रात्री छत्री घेऊन परसात जावं लागतं ते मला."

खरंच आहे. त्यात आमचीही एक चूक होती. दोन वर्षांपूर्वी गटानं तिला भिंतींच्या सिमेंट गिलाव्यासाठी कर्ज दिलं होतं. एका पावसाळ्यात पोपडे सुटले. दगडमातीची भिंत जमिनीतली ओल ओढते आणि हळूहळू बाहेर टाकते. सिमेंट ती वाट अडवतं, ओल आतच कुजते. चुना तिला जाऊ देतो. म्हणून यंदा सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा केला. कळीचा चुना विरवताना पाणी उकळतं, डोळ्यांत उडतं. पोरांना लांब ठेवा. विरवल्यावर निदान दोन-तीन आठवडे मुरू द्या. गवंडी घाई करतो, ऐकू नका.

संडास-मोरी जुन्या भिंतीला चिकटवली नाही. मागं वेगळ्या पायावर बांधली आणि पडवीतून दार काढलं. सांडपाणी जोत्यापासून लांब नेलं. स्वयंपाकघरावर दोन काचेची कौलं बसवली. आता दिवसा दिवा लागत नाही. ओटी, माजघर जसंच्या तसं.

कर्ज तिच्या नावावर, हप्ते तीच फेडतेय. घर मात्र नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर दोघांचं नाव लागतं. तिचा अर्ज गेल्या मासिक बैठकीतच आम्ही लिहिला. तुमच्या घरचा उतारा काढून बघा, पुढच्या बैठकीला सोबत आणा.